खात्यात दहा लाख आले, मग महसूल किती?

वाचक लिहितात: "ताई, मी फोंडा तालुक्यात राहते. मिस्कूट (कैरीचे लोणचे), तोरां (मिठातल्या कैऱ्या), कोकमचे आगळ घरी करते आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जात्रांत विकते. यंत्रासाठी दोन लाखांचे कर्ज हवे आहे. बँकेने मराठी अर्ज दिला. त्यात 'वार्षिक महसूल', 'वार्षिक उत्पन्न' आणि 'निव्वळ मिळकत' असे तीन रकाने आहेत. दीर म्हणतात, वर्षभरात खात्यात ९,९५,००० आले, सरळ दहा लाख लिही. आमचे हे म्हणतात, कमी लिही, नाहीतर सरकारच्या गृह आधार योजनेची मदत बंद होईल. सासूबाई म्हणतात, वर्सभर राबून खात्यात उरले ४१ हजार, तेच खरे. महसूल तर मामलेदाराच्या कचेरीत असतो, माझा कुठला? वहीचा उतारा सोबत जोडला आहे. कोणाचे ऐकू? – गोंधळलेली, फोंडा."

तुमचा 'माझा कुठला?' हा प्रश्न चेष्टेत आलेला दिसतो, पण सगळ्या पत्रात मला तोच जास्त आवडला. मराठी कानाला महसूल म्हटले की सरकार दिसते, आणि त्यात कानाची चूक नाही. गोव्यातल्या जमिनीचा कायदा म्हणजे १९६८ची जमीन महसूल संहिता. तुमचे गाव कागदोपत्री 'महसुली गाव'. पाच हजारांवरच्या पावतीला रुपयाचे जे तिकीट लावतात, ते महसूल मुद्रांक. पावती तुमची, पैसे तुमचे, पण त्या चिमुकल्या तिकिटाचा रुपया मात्र सरकारचा महसूल.

शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ साधा आहे: हाती आलेले. तहसील त्याच घरातला, आणि 'आता भांडून काय हशील?' म्हणतो त्यातले हशीलही तिथलेच. (वसूल दिसायला सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचे कूळ वेगळे. तो 'पोहोचणे' या अर्थाच्या धातूवरून आला.) इंग्रजीतला रेव्हेन्यू फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी 'परत आलेले' असा अर्थ. इंग्रजांना तो एकच शब्द सरकारलाही पुरतो आणि कारखान्यालाही. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याचे सरसकट 'महसूल' केले, म्हणून आता कंपन्यांचाही महसूल वाढतो आणि घटतो. तुमच्या अर्जाच्या भाषांतरकारानेही तेच केलेले दिसते. मला हे भाषांतर आवडत नाही. दुकानदाराला आपण 'यंदा महसूल किती झाला?' असे कधी विचारतो का? 'धंदा किती झाला?' विचारतो. पण छापील अर्जाशी भांडून, तुमच्या-माझ्या भाषेत, काय हशील? त्या रकान्यात 'महसूल'च्या जागी 'धंद्यातून झालेली कमाई, खर्च वजा करण्याआधीची' असे वाचा. उलाढाल म्हणतात तीही साधारण हीच.

आता दिरांचे दहा लाख. खात्यात आले ते सगळे पैसे ही झाली आवक. बाजारात टोमॅटोची आवक होते, कचेरीत पत्रांची आवक होते, तशी खात्यात पैशांची. आवक म्हणजे आत आले, एवढेच. कोणाचे आले, कशासाठी आले, ठेवायचे की परत द्यायचे, हे तो शब्द विचारत नाही. तुमच्या वहीप्रमाणे त्या ९,९५,००० मध्ये तुमच्या मालाच्या विक्रीचे ७,२०,००० आहेत. शेजारणींच्या मालाचे १,८०,०००. बचत गटाचे कर्ज ५०,०००, ते मार्चमध्ये मिळाले. आईने दिलेले २०,०००. आणि मे महिन्यातल्या एका लग्नाच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम २५,०००.

कर्ज आणि आईचे पैसे आधी बाजूला काढा. यावर वाद नको. सरकारसुद्धा काढलेले कर्ज महसुलात धरत नाही. अर्थसंकल्पात ते 'भांडवली जमा' म्हणून वेगळे बसते. मुख्यमंत्री विधानसभेत 'महसुली शिल्लक' जाहीर करतात, तेव्हा राज्याच्या डोक्यावर कर्ज नाही असा त्याचा अर्थ होत नाही, तो याच कारणाने. रोजचा खर्च रोजच्या कमाईतून भागला, इतकेच त्यातून कळते. आईने दिलेले वीस हजार तर लेकीला दिलेले. त्यांचा धंद्याशी काय संबंध?

आगाऊ रकमेबद्दल थोडे जास्त सांगते, कारण या चुकीचा चटका मी स्वतः खाल्ला आहे. नोकरीची पहिली वर्षे होती. एका देवस्थानच्या मंगल कार्यालयाचे हिशेब माझ्याकडे होते. लग्नासाठी सभागृह घेणारे अनामत ठेवत. पावती फाटली, पैसे आले, म्हणून मी ती अनामत बिनदिक्कत उत्पन्नात धरत गेले. वर्षअखेरीला खजिनदारांनी वही उघडली आणि शांतपणे विचारले, "मोडतोड झाली नाही तर हे परत कुठून देणार?" मी गप्प. ती रक्कम आमची नव्हतीच, आमच्याकडे फक्त राहायला आली होती. तुमचे २५,००० तसेच. ३१ मार्चला तुम्ही त्या लग्नाच्या बरण्या भरलेल्या नव्हत्या. उद्या लग्न मोडले तर ते पैसे परत द्यावे लागतील. तोवर हे तुमच्या धंद्यावरचे देणे. माल पोहोचवलात की त्या दिवसापासून ती तुमची कमाई, आणि ती पुढच्या वर्षाची.

याच्या उलटे एक प्रकरण तुमच्या वहीच्या मागच्या पानावर आहे, ते दिरांच्या नजरेतून सुटले. कळंगुटच्या एका हॉटेलने फेब्रुवारीत ३०,००० चे आगळ नेले आणि अजून पैसे दिलेले नाहीत. खात्यात एक रुपया नाही, पण माल गेला, बिल झाले. हे ३०,००० मात्र महसुलात येतात. 'येणे' म्हणून वेगळे लिहा, आणि जमल्यास दर आठवड्याला फोन करा. हॉटेलवाल्यांचा हंगाम संपला की तुमचे येणे वसूल होणे अवघड, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेजारणींचे १,८०,००० हा तुमच्या पत्रातला खरा गुंता, आणि इथे शब्दांचा अर्थ पैशांत मोजता येतो. तुम्ही त्यांची सोलां (आमसुले) आणि फणसाचे पापड आपल्या मांडणीवर ठेवता, विकलेल्यातले शेकडा दहा ठेवून बाकी त्यांना देता, आणि उरलेले पापड परत करता. मग विचारा: पावसात पापड मऊ पडले तर नुकसान कोणाचे? भाव कोण ठरवते? दोन्हींचे उत्तर 'त्यांचे', 'त्या' असे आहे. म्हणजे तो माल त्यांचा, विक्री त्यांची, तुम्ही मधल्या. तुमची कमाई फक्त १८,००० कमिशन. उरलेले १,६२,००० तुमच्या खात्यातून वाहून गेले, मुक्कामाला राहिले नाहीत.

हे पटत नसेल तर सोपो, म्हणजे बाजारात बसायची पट्टी, आठवा. जात्रेत दुकान मांडले की सोपो द्यावाच लागतो. पंचायत त्याची पावणी (लिलाव) करते आणि जास्त बोली लावणाऱ्याला तो वसूल करायला देते. आता दहा फुटांच्या जागेसाठी तुम्ही दिलेले पैसे कोणाचा महसूल? ठेकेदाराच्या वहीत ती त्याची कमाई. पंचायतीच्या वहीत तुमच्या सोपोचा पत्ताच नाही. तिथे फक्त पावणीची बोली दिसते, आणि तीच बोली ठेकेदाराच्या वहीत खर्च म्हणून बसते. तुमच्या वहीत सोपो हाही खर्चच. पैसे तेच, पण तीन वह्यांत त्यांची तीन वेगळी नावे. शेजारणींच्या व्यवहारात तुम्ही बोली लावून ठेका घेतलेला नाही, जोखीम घेतलेली नाही. घेतली असती, म्हणजे पापड एकदम विकत घेऊन आपल्या भावाने विकले असते, तर पूर्ण १,८०,००० तुमच्या महसुलात आणि त्यांना दिलेले खर्चात गेले असते. नफा तितकाच राहतो, फक्त उलाढाल फुगते. फुगलेली उलाढाल दिरांना का आवडते, हे आता कळेल.

पोर्तुगीज काळात कर वसुलीचा मक्ता घेणाऱ्याला 'रेंदेइरो' म्हणत, आणि माडाची सूर काढणाऱ्याला आपण म्हणतो तो 'रेंदेर' त्याच शब्दावरून आला. आणि तुमच्यासारख्या लोणचेवालीला आवडेल अशी एक गोष्ट: पोर्तुगीजमध्ये 'रेसैता' म्हणजे महसूल आणि 'रेसैता' म्हणजेच पाककृती. अर्जावर आज तुमच्या दोन्ही रेसैतांची परीक्षा आहे.

तर तुमचा वार्षिक महसूल: ७,२०,००० अधिक ३०,००० अधिक १८,०००, म्हणजे ७,६८,०००. दहा लाख लिहिण्यात अक्कल नाही. बँक खात्याचा उतारा मागणार, तिथे बचत गटाचे नाव आणि कर्जाची रक्कम स्पष्ट दिसणार, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येईल. शिवाय मोठ्या आकड्याची हौस कशाला? उद्योगांच्या वर्गवारीत 'सूक्ष्म' उद्योगाची उलाढालीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींची आहे. दहा लाख लिहा की सात, आपण सूक्ष्मच. जीएसटीच्या नोंदणीसाठी मालाच्या विक्रीची मर्यादा वर्षाला ४० लाख, तीही अजून लांब. (पुढे कधी नोंदणी झाली तर गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी गल्ल्यात आला तरी विक्रीत मिळवायचा नाही. तो सरकारचा, तुम्ही नुसत्या वसूल करणाऱ्या, आणि तेही फुकट.)

आता सासूबाईंचे ४१ हजार. त्यांचा आकडा खोटा नाही, खात्यात तेवढेच आहेत. पण त्यातही २५,००० त्या लग्नाच्या ऑर्डरचे आहेत, हे त्यांना आज सांगू नका. मुद्दा असा की शिल्लक म्हणजे नफा नव्हे. वर्षभरात तुम्ही घराला महिना २०,००० दिलेत, म्हणजे २,४०,०००. तुम्ही ते खर्चाच्या बाजूला लिहिले आहेत. ते तिथून काढा. धंद्याने ते आधी मिळवले, मग तुम्ही घरी नेले. मुलाची फी भरली, किराणा आणला, तो तुमच्या कमाईचा उपयोग झाला. मिस्कूट करायला त्यातला एक रुपयाही लागला नाही. मोठा मिक्सर घेतलात त्या ४२,००० चेही तसेच. तो एका वर्षात संपणारा खर्च नाही, अनेक वर्षे चालेल. म्हणून त्याची झीज दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरायची. यंत्रांचा नेहमीचा दर १५ टक्के, म्हणजे यंदा ६,३००.

खरा खर्च उरतो तो कैऱ्या, मीठ, मिरची, तेल, बाटल्या, गॅस, गाडीभाडे, सोपो आणि मदतीला येणाऱ्या बाईचा पगार, मिळून ५,१०,०००. महसूल ७,६८,००० वजा ५,१०,००० वजा ६,३०० म्हणजे २,५१,७००. हा तुमचा निव्वळ नफा. ३१ मार्चला ज्या बरण्या भरून तयार होत्या, त्या मोजल्या नसतील तर मोजून घ्या, आकडा थोडा वर जाईल. महिन्याला सुमारे २१,०००, आणि तुमच्या हातांची मजुरीही त्यातच. सासूबाईंना हे सांगताना आपल्या कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या गावकीचे, उदाहरण द्या, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. शेतांच्या पावणीतून गावकीकडे पैसे जमायचे, पण ते काही सगळे वाटले जात नसत. आधी खाजनाचे (खाडीकाठच्या शेतीचे) बांध आणि मानशी (पाणी अडवायची दारे) दुरुस्त व्हायच्या, सरकारचे देणे जायचे, गावचा खर्च जायचा, आणि त्यानंतर जे उरे त्यातून गावकरांना जोण (वाटा) मिळे. कोणा गावकराने पावणीचा आकडा दाखवून 'हे माझे उत्पन्न' असे म्हटले असते का? आणि जोण घरी नेऊन खर्च केला म्हणून कोमुनिदाद तोट्यात, असेही कोणी म्हटले नसते. तुम्ही घरी नेलेले वीस हजार हा तुमचा जोण.

'वार्षिक उत्पन्न' या रकान्याबद्दल. हा शब्द मराठीत फार लवचीक आहे. शेतकरी 'यंदा भाताचे उत्पन्न चांगले' म्हणतो तेव्हा पोती मोजतो. संस्थेच्या उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात उत्पन्न म्हणजे खर्चाआधीची सगळी जमा. मामलेदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यात ते माणसाचे किंवा कुटुंबाचे. बँकेच्या अर्जात महसुलाचा रकाना वेगळा असल्यावर उत्पन्न म्हणजे धंद्यातून तुम्हाला व्यक्ती म्हणून पडणारे, असे धरायला हरकत नाही. तिथे २,५१,७०० लिहा. अर्जात 'कुटुंबाचे' म्हटले असेल तरच तुमच्या ह्यांच्या बसवरच्या नोकरीचे १,८०,००० मिळवा, मग ४,३१,७०० होतील. प्राप्तिकरसुद्धा उलाढालीवर नाही, या खालच्या आकड्यावर बघतात.

आणि आता ते गृह आधारचे, जे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलेत आणि ज्यासाठी, मला वाटते, हे पत्र लिहिलेत. योजनेत महिना १,५०० मिळतात आणि पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावे लागते. तुमचे दोघांचे ४,३१,७०० आहे. शब्द कितीही फिरवले तरी तो आकडा ३ लाखांखाली येत नाही. तुमच्या ह्यांना वाटते की बँकेत कमी लिहिले की प्रश्न सुटला. पण कमी लिहिले तर दोन लाखांचे कर्ज मिळणार नाही, आणि बँकेत एक, मामलेदाराकडे दुसरे लिहिले तर दोन्ही कागदांवर सही तुमचीच आहे, त्यांची नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही. वर्षाचे ते १८,००० होतात. गंमत बघा, शेजारणींचे पापड विकून तुम्हाला मिळणारे कमिशनही १८,०००च आहे. तेवढे तुम्ही आता मांडणीच्या एका कोपऱ्यातून मिळवता. महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात जाऊन सध्याचे नियम वाचून घ्या आणि बसत नसाल तर स्वतःहून कळवा. नंतर वसुलीची नोटीस आली तर सासूबाईंच्या ४१ हजारांतून ते भरावे लागतील.

कर्ज मागताना 'मुद्रा' योजनेतल्या 'किशोर' गटाचे विचारा. ५० हजारांवरून ५ लाखांपर्यंतची कर्जे त्यात येतात, तुमचे दोन लाख बसतात. हॉटेलच्या बिलाची प्रत आणि शेजारणींना दिलेल्या पैशांची यादी, त्यांच्या सह्यांनिशी, अर्जाला जोडा. बँकेतला माणूस तुमचे ९,९५,००० आणि ७,६८,००० शेजारी ठेवून भुवया उंचावणारच, तेव्हा ती यादी पुढे करायची.

राहिली 'निव्वळ मिळकत'. या शब्दावर मी अडले, खोटे कशाला सांगू. 'निव्वळ' पाहता तिथे नफाच हवा असणार, म्हणजे पुन्हा २,५१,७००. पण कोर्टाच्या आणि नगरपालिकेच्या मराठीत मिळकत म्हणजे घर-जमीन, आणि भाषांतरकाराला कोणती मिळकत अभिप्रेत होती हे अर्ज वाचून ठरत नाही. तुम्ही त्या रकान्यात पेन्सिलीने 'राहते घर, चार खोल्या' लिहून ठेवले आहे. ते आत्ता खोडा. सोमवारी बँकेत जाऊन विचारा, पैसे मागता की मालमत्ता. मालमत्ता म्हणाले तरी ते घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा तो रकाना कोराच ठेवा.